पावणेदोनात अर्धे किती? : लिपिंग मा यांच्या ग्रंथाचे मराठी वर्गाच्या संदर्भात पुनर्वाचन

प्रास्ताविक

गणिताच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा रोख बहुधा विद्यार्थ्याकडे असतो. विद्यार्थ्याला गणिताची भीती वाटते, त्याचा पाया कच्चा असतो, तो पाठांतर करतो, अशी विधाने महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बैठकीत नेहमी ऐकू येतात. ज्या शिक्षकाने हा पाया घातला, त्याला स्वतःला ते गणित कितपत उमगले होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला तर पुढचा प्रश्न आपल्याच दारात येऊन उभा राहतो, हे त्याचे एक कारण असावे.

हा प्रश्न सरळपणे विचारणारा ग्रंथ म्हणून लिपिंग मा यांच्या ‘नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथेमॅटिक्स’ (१९९९) या ग्रंथाचा निर्देश करावा लागेल. शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात त्याचा उल्लेख पुष्कळ होतो. परंतु त्यातील उदाहरणे मराठीत मांडून पाहिल्यास काय दिसते, याचा विचार माझ्या पाहण्यात आलेला नाही. एम.फिल.च्या काळात मी हा ग्रंथ चीन व अमेरिका यांची तुलना म्हणून वाचला होता. अध्यापनाची काही वर्षे गेल्यानंतर तो पुन्हा हाती घेतला, तेव्हा तो निराळाच वाटला. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या वाचनाचा विचार केला आहे.

ग्रंथाची मांडणी

लेखिकेचा स्वतःचा प्रवास ग्रंथ समजून घेण्यास उपयोगी आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शांघायमधील शाळकरी वयातच त्यांना दक्षिण चीनमधील डोंगराळ खेड्यात पाठविण्यात आले आणि तेथे त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. पुढे त्या अमेरिकेत गेल्या व स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. ग्रंथाची प्रस्तावनाही शुलमन यांचीच आहे.

अभ्यासाचा नमुना लहान आहे : अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षक. चार प्रसंग त्यांच्यासमोर ठेवले गेले. ५२ − २५ किंवा ९१ − ७९ यांसारखी वजाबाकी कशी शिकवाल? १२३ × ६४५ या गुणाकारात मुले मधल्या ओळी सरकवून लिहिण्यास विसरतात, तेव्हा काय कराल? १ ३/४ ÷ १/२ हे उदाहरण सोडवा व त्यासाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. आणि परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते असा ‘शोध’ घेऊन एखादी विद्यार्थिनी आली, तर तिला काय सांगाल?

यातील विरोधाभास सर्वपरिचित आहे, तरी तो नोंदविला पाहिजे. अमेरिकन शिक्षकांचे औपचारिक शिक्षण सोळा ते अठरा वर्षांचे होते; चिनी शिक्षकांचे अकरा ते बारा वर्षांचे. असे असूनही भागाकाराचे उदाहरण सर्व ७२ चिनी शिक्षकांनी अचूक सोडविले, तर अमेरिकन शिक्षकांपैकी केवळ ९ जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले. शाब्दिक उदाहरण तयार करण्यात ६५ चिनी शिक्षक यशस्वी झाले व त्यांनी ऐंशीहून अधिक उदाहरणे रचली. अमेरिकन शिक्षकांत अर्थाच्या दृष्टीने योग्य उदाहरण देणारा एकच निघाला. याचा अर्थ पदवीची वर्षे आणि आकलनाची खोली यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

मा यांनी या खोलीला ‘मूलभूत गणिताचे सखोल आकलन’ असे नाव दिले आहे. असे आकलन असलेला शिक्षक एखादा घटक सुटा पाहत नाही, त्याला तो इतर घटकांशी जोडलेला दिसतो. एकाच उदाहरणाकडे तो अनेक बाजूंनी पाहू शकतो. साध्या वाटणाऱ्या मूळ कल्पनांकडे तो पुनःपुन्हा वळतो. आणि आज शिकविलेल्या घटकाला तीन वर्षांनी कोणता धागा येऊन मिळणार आहे, हे त्याला ठाऊक असते. चिनी शिक्षकांपैकीही सुमारे दहा टक्केच शिक्षक या पातळीला पोहोचले होते, ही बाब ग्रंथाचा उल्लेख करणारे बहुधा वगळतात.

पावणेदोनात अर्धे

१ ३/४ ÷ १/२ हे उदाहरण मी प्रथम वाचले, तेव्हा आपल्या शाळेतील सवयीप्रमाणे ‘एक पूर्णांक तीन छेद चार भागिले एक छेद दोन’ असेच वाचले. मनाने लगेच पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचे रूपांतर केले, दुसरा अपूर्णांक उलटा केला, गुणाकार केला. साडेतीन हे उत्तर आले, परंतु ते साडेतीन काय आहेत हे त्या क्षणी मला सांगता आले नसते.

आता हेच उदाहरण बाजारातल्या मराठीत विचारावे : पावणेदोनात अर्धे किती? दोनात चार अर्धे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा. म्हणून चाराला अर्धा कमी, साडेतीन. येथे काहीही उलटे करावे लागले नाही. पावणेदोन रुपयांत आठ आण्याची नाणी किती, असे विचारले असते तर शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीनेही हे उत्तर दिले असते. अमेरिकन शिक्षकांना ज्या उदाहरणाने अडविले, त्याचे अर्धे स्पष्टीकरण आपल्या संख्यानामात दडलेले आहे. आणि हे नाव आपण प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यावरच काढून ठेवतो.

‘तीन छेद चार’ हे वाचन लिखाणाच्या आकृतीचे वर्णन करते. वर तीन, मध्ये रेघ, खाली चार. चारांपैकी तीन भाग हा अर्थ त्यातून ऐकू येत नाही. ‘तीन चतुर्थांश’ यात तो ऐकू येतो, ‘पाऊण’ यात तर राशीच डोळ्यांसमोर उभी राहते. चिनी भाषेत अपूर्णांक ‘चार भागांतील तीन’ अशाच धर्तीवर वाचला जातो. मा यांनी आपल्या निष्कर्षांत भाषेच्या या वाट्याचा फारसा विचार केलेला नाही. चिनी शिक्षकांच्या यशाचा काही अंश त्यांच्या भाषेच्या खात्यावर जमा करावा लागेल, असे मला वाटते.

तथापि येथे स्मरणरंजनात रमण्याचे कारण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे जुन्या शाळांत छडीच्या धाकाने घोकून घेतले जात आणि घोकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा अर्थ कळत होता, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. शिवाय ही शब्दसंपत्ती पाव व अर्धा यांच्यापुढे फारशी जात नाही. दोन तृतीयांश किंवा पाच सप्तमांश यांना असे घरगुती नाव नाही. पावणेदोन हे दार आहे. आत गेल्यावर लागणारे गणित शिक्षकालाच ठाऊक असावे लागते.

ते गणित कोणते? मा यांच्या ग्रंथातील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. चिनी शिक्षकांनी रचलेली उदाहरणे तीन प्रकारची होती. मराठी वर्गासाठी त्यांची रूपे अशी होतील. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर किती पिशव्या होतील? येथे भागाकार म्हणजे मोजणे. अर्धे शेत नांगरायला पावणेदोन तास लागले, तर पूर्ण शेताला किती लागतील? येथे काहीही मोजलेले नाही. अर्ध्यावरून पूर्णाकडे जाणे आहे. आणि ज्या आयताचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर व रुंदी अर्धा मीटर आहे, त्याची लांबी किती? येथे गुणाकारातील हरवलेला अवयव शोधायचा आहे. उत्तर तिन्ही ठिकाणी साडेतीनच. पण पहिल्या उदाहरणात ते साडेतीन पिशव्या आहेत, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात मीटर. दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व विशेष आहे, कारण ‘उलटे करून गुणा’ या नियमाचे कारण त्यात उघड दिसते. अर्ध्याला इतके तर पूर्णाला दुप्पट. अर्ध्याने भागणे म्हणजे दोनाने गुणणे, हे शेतात उभे राहून कळते.

गणन करण्याच्या रीतीही अनेक होत्या. भाज्य व भाजक या दोहोंना एकाच संख्येने गुणले असता भागाकार बदलत नाही, या तत्त्वाचा आधार घेऊन दोहोंना दोनाने गुणले की साडेतीन भागिले एक एवढेच उरते. कोणी १.७५ ÷ ०.५ असे दशांशात नेले. यातील कोणतीही रीत युक्ती म्हणून सांगितलेली नव्हती, प्रत्येकीमागचे कारण शिक्षकाला देता येत होते.

चूक करणाऱ्या शिक्षकांची चूकही बोलकी आहे. त्यांच्यातील मोठ्या गटाने ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘दोघांत निम्मे वाटणे’ यांत गल्लत केली. आमच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी हा प्रश्न एकदा फळ्यावर लिहिला. गणित हा मुख्य विषय घेतलेली मुले ती. उत्तर सर्वांचे बरोबर आले. शाब्दिक उदाहरणात मात्र बहुतेकांनी पावणेदोन भाकरी दोघा भावांत वाटल्या. प्रत्येकाला साडेतीन भाकरी मिळाल्या, हे वाचून दाखविल्यावर वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात मी त्यांना क्षेत्राची संकल्पना शिकविली होती आणि शून्येतर घटकाने भागणे म्हणजे त्याच्या गुणाकार-व्यस्ताने गुणणे, हे त्यांनी वहीत सिद्धतेसह उतरवून घेतले होते. त्या सिद्धतेचा आणि या भाकरीचा काही संबंध आहे, हे मी त्यांना सांगितलेलेच नव्हते.

वजाबाकीतील ‘उसने’

वजाबाकीच्या प्रकरणात मा यांनी एका शब्दावर नेमके बोट ठेवले आहे. अमेरिकन शिक्षक ‘शेजाऱ्याकडून उसने घेणे’ असे म्हणत. चिनी शिक्षकांचा शब्दप्रयोग ‘वरच्या स्थानाचे एकक सुटे करणे’ या अर्थाचा होता. हा फरक शब्दापुरता नाही. ‘उसने घेणे’ यात दशक व एकक ही दोन स्वतंत्र घरे होतात, आणि घेतलेले उसने कधी परत का करायचे नसते, ही शंका चौकस मुलाला येतेच. बावन्न ही एकच संख्या आहे. तिचे पाच दशक व दोन सुटे असे मांडले काय किंवा चार दशक व बारा सुटे असे मांडले काय, तिचे मूल्य तेच राहते, ही मूळ कल्पना ‘सुटे करणे’ या शब्दात शाबूत राहते. दहाची नोट मोडून सुटे पैसे घेणाऱ्या मुलाला ती समजावून सांगावी लागत नाही. ‘हातचा’ व ‘उसना’ हे आपले शब्द सोयीचे आहेत, पण कारण झाकणारे आहेत.

चिनी शिक्षक या घटकाचा विचार ‘ज्ञानसंच’ म्हणून करीत, हेही येथे स्पष्ट होते. त्यांच्या मते या वजाबाकीचा कणा तीन अंकी उदाहरणांत नसून वीसच्या आतील बेरीज-वजाबाकीत आहे. तेरातून सात वजा करताना मूल दहाचा आधार कसा घेते, येथे वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे हा घटक ‘सोपा’ म्हणून घाईने उरकला जातो.

एक घरगुती प्रसंग येथे सांगावासा वाटतो. माझ्या भाचीने ५२ − २५ हे उदाहरण तिच्या आजोबांच्या रीतीने सोडविले होते. दोनातून पाच जात नाहीत, बारातून पाच गेले, राहिले सात, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले, राहिले दोन. सत्तावीस. वरच्या पाचाचा चार न करता तिने खालच्या दोनाचा तीन केला होता. बाईंनी उत्तरावर बरोबरची खूण केली आणि रीत चूक म्हणून एक गुण कापला. रीत चूक नव्हती. दोन्ही संख्यांत सारखेच दहा मिळविले, वर सुट्या रूपात व खाली दशकाच्या रूपात; वजाबाकी आहे तीच राहिली. जुन्या पिढीतील अनेकांच्या तोंडी हीच रीत असे. बाईंना ती ठाऊक नव्हती, यात त्यांचा दोष मी मानत नाही. पण न ओळखलेल्या रीतीमागे काही कारण असू शकेल, हा विचार करायला जी खात्री लागते, ती कोणत्याही प्रशिक्षणाने त्यांना दिलेली नव्हती, याचे वाईट वाटते. आणि आजोबांनाही ती रीत का चालते हे सांगता आले नाही. रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मध्ये साधनात्मक व संबंधात्मक आकलन असा जो भेद केला, त्याच्या एकाच बाजूला या घरातील दोन्ही पिढ्या व शाळा उभी होती.

मा यांचे दुसरे उदाहरण, ९१ − ७९, मराठीत आणखी एक वाट दाखविते. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. एक्याण्णवातून ऐंशी गेले, राहिले अकरा, एक जास्त गेला होता, तो परत, बारा. ‘पावणेदोन’ आणि ‘एकोणऐंशी’ यांची घडण एकाच प्रकारची आहे, हे आपण वर्गात कधी बोलून दाखवितो काय?

संख्यानामांचा विषय निघाला म्हणून २०१९ चा वाद आठवतो. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत देण्यात आली. संख्यानामांतील जोडाक्षरे आणि लिहिण्याच्या उलट असलेला बोलण्याचा क्रम यांची मुलांना होणारी अडचण डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मांडली होती. वादाचा बराचसा भाग मात्र भाषेच्या अस्मितेवर व विनोदांवर खर्ची पडला. या दोन्ही नावांचा उपयोग शिक्षकाने स्थानिक किंमत शिकविताना कसा करावा, ही चर्चा मागे राहिली. माझ्या मते ‘वीस एक’ यात दशक दिसतो आणि ‘एकोणतीस’ यात जवळची पूर्ण दशक संख्या दिसते; समजूतदार शिक्षकाला दोन्ही हवेत.

ग्रंथाच्या मर्यादा

ग्रंथाच्या मर्यादा कमी नाहीत. मुलाखती घेतल्या गेल्या, परंतु वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनाचे निरीक्षण झाले नाही आणि विद्यार्थ्यांच्या संपादनाशी शिक्षकांच्या उत्तरांची सांगड घातलेली नाही. चार प्रसंगांवरून शिक्षकाच्या एकूण ज्ञानाचा अंदाज बांधणे धाडसाचे आहे. चिनी शिक्षक प्रामुख्याने गणितच शिकवीत होते, अमेरिकन शिक्षक सर्व विषय. ही तुलना समपातळीवरची नाही. महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून भाषेपासून परिसर अभ्यासापर्यंत सर्व काही शिकविणाऱ्या शिक्षकाला चिनी शिक्षकाचा दाखला देणे हे तर अन्यायाचेच होईल.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर काही अंशी नंतर मिळाले. हिल, रोवन व बॉल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पहिली व तिसरीच्या विद्यार्थ्यांची गणितातील प्रगती आणि त्यांच्या शिक्षकांचे अध्यापनासाठी लागणारे गणिती ज्ञान यांत लक्षणीय संबंध आढळला. हे ज्ञान उच्च गणिताच्या ज्ञानाहून वेगळे आहे, हा बॉल यांचा मुद्दा आमच्यासारख्या पदवी महाविद्यालयातील अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

शिक्षक कोठे शिकतो?

सखोल आकलन असलेल्या चिनी शिक्षकांना ते कसे लाभले, याचा शोध मा यांनी घेतला. त्यासाठी त्यांनी चीनमधील भावी शिक्षकांना व नववीच्या विद्यार्थ्यांनाही तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा की, हे आकलन प्रशिक्षण महाविद्यालयातून पदरात पडून येत नाही. शिकविता शिकविता ते तयार होते. पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास, सहकाऱ्यांशी नियमित चर्चा, विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून शिकणे आणि स्वतः गणित सोडवीत राहणे ही त्याची साधने. तेथील शाळांत विषयवार अध्यापन-संशोधन गट असतात आणि ‘हा धडा येथेच का आला, हेच उदाहरण प्रथम का दिले’ यावर शिक्षक तासन्‌तास बोलतात.

आपल्याकडे याची चौकट नाही असे नाही. केंद्र शाळा आहे, शिक्षण परिषद आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या गणितविषयक आधारपत्राने बालकाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे उद्दिष्ट ठेवले होते. पण ज्या शिक्षण परिषदांना मी पाहुणा म्हणून उपस्थित राहिलो, तेथे बराचसा वेळ परिपत्रके, ॲपवरील नोंदी आणि छायाचित्रे यांत गेला. एका परिषदेत शेवटच्या अर्ध्या तासात मी पावणेदोनाचा प्रश्न ठेवला. जेवणाची वेळ टळून गेली तरी मंडळी उठली नाहीत. एका ज्येष्ठ गुरुजींनी बिघ्याच्या हिशेबातून असे उदाहरण रचले की ते मला स्वतःला सुचले नसते. भूक या चर्चेची आहे.

आणि महाविद्यालयांचे काय? फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच दुहेरी तुटलेपणाची नोंद केली होती : शाळेतून विद्यापीठात येणाऱ्याला शालेय गणित विसरावे लागते, आणि शिक्षक होऊन शाळेत परतल्यावर विद्यापीठीय गणित. या दोन्ही तुटींच्या मधोमध आपण उभे आहोत. आपल्याच वर्गातून बाहेर पडलेला पदवीधर बी.एड. करून शिक्षक होतो आणि त्याने शिकविलेली मुले काही वर्षांनी आपल्या वर्गात येतात. पाया कच्चा असल्याची तक्रार मग आपण कोणाविरुद्ध करतो?

विभागाच्या बैठकीत मी असे सुचविले की, क्षेत्र, व्यस्त घटक, तुल्यता-संबंध या संकल्पना शिकविताना अपूर्णांकांचे शालेय रूप सोबत आणावे. १/२ व २/४ समान का, याचे उत्तर तुल्यता-वर्गाशी जोडून दाखवावे. त्यावर ‘हे शाळेचे काम आहे’ अशी एक प्रतिक्रिया आली व दुसरी, ‘याला श्रेयांक कोणते?’ दुसऱ्या प्रतिक्रियेला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एक प्रश्न घातला : १ ३/४ ÷ १/२ यासाठी भिन्न अर्थांची दोन शाब्दिक उदाहरणे तयार करा व प्रत्येकात उत्तराचे एकक सांगा. दुधाच्या पिशव्या पुष्कळांनी भरल्या. दुसरे उदाहरण थोड्यांनाच जमले. त्यांतील एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, अर्ध्या वावराला पाणी द्यायला पावणेदोन तास लागतात आणि रात्रीची वीज तीनच तास असते. तर एका रात्रीत पूर्ण वावर भिजेल काय?

प्रश्नात मागितले होते त्याहून तिने एक पायरी पुढे टाकली होती. तपासताना त्या जादा पायरीला गुण कोठून द्यावेत, हे आम्हां दोघा परीक्षकांना ठरविता येईना.